वाचकांचे प्रश्न : स्वस्त ई-रीडर घेताना आणि घेतल्यावर

प्रश्न : कमी खर्चात ई-रीडर घ्यायचा आहे. नवा पण अगदी साधा घ्यावा की वापरलेला पण वरच्या दर्जाचा? नेमके काय तपासून घ्यावे?

पैसे पडद्यावर घाला. बॅटरी बदलता येते, सॉफ्टवेअर बदलता येते, काही यंत्रांत मेमरी कार्डही बदलते. पडदा मात्र जो मिळाला तोच शेवटपर्यंत राहतो.

सहा इंची ई-इंक पडदे (शाईचे कण सरकवून अक्षरे उमटवणारे) मुख्यत्वे तीन प्रकारांत मिळतात. 600 × 800 बिंदूंचा पडदा म्हणजे इंचाला 167 बिंदू, 758 × 1024 म्हणजे 212 आणि 1072 × 1448 म्हणजे 300. रोमन लिपीला 167 चालून जातात. देवनागरीत एकाच अक्षरावर रफार, मात्रा आणि अनुस्वार चढतात, खाली उकार लागतो, त्यामुळे बारीक टाइपात ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’, ‘द्ध’ आणि ‘द्व’ सारखेच दिसू लागतात. मराठी वाचायचे असेल तर 212 ही किमान पायरी धरा. 300 मिळाले तर उत्तम. म्हणून 167 बिंदूंच्या नव्या यंत्रापेक्षा 300 बिंदूंचे, चांगल्या स्थितीतले वापरलेले यंत्र आम्ही केव्हाही सुचवू.

खुणेसाठी काही मॉडेल्स : किंडल पेपरव्हाइटच्या 2012 आणि 2013 च्या आवृत्त्या 212 बिंदूंच्या, 2015 पासून पुढच्या 300 च्या. साधा किंडल 2019 मध्ये दिवा लागूनही 167 वरच होता, 2022 मध्ये तो 300 वर आला. कोबो ग्लो (2012) 212. ग्लो एचडी (2015) आणि क्लारा एचडी (2018) 300. रंगीत पडद्याच्या मोहात केवळ मजकूर वाचणाऱ्याने पडू नये. कॅलिडो 3 जातीच्या पडद्यावर रंग 150 बिंदूंतच दिसतात आणि रंगगाळणीच्या थरामुळे पांढरी पार्श्वभूमी करडी पडते.

वापरलेले यंत्र हातात घेऊन तपासा. मजकूर नसलेले कोरे पान उघडा आणि पान बदलल्यावरही जागची न हलणारी रेघ किंवा डाग आहे का ते बघा. तसे दिसले तर आतली काच तडकलेली आहे आणि त्याला दुरुस्ती नाही. वरचा पृष्ठभाग गुळगुळीत, ओरखडाही नाही आणि तरी आतली काच फुटलेली, असे सर्रास असते. पिशवीत दाब पडला की एवढे पुरते. मग अंधाऱ्या कोपऱ्यात दिवा सर्वांत मंद करून पडद्यावर छिद्रासारखे चमकणारे ठिपके दिसतात का ते पाहा. केबल लावून पोर्ट हलकेच हलवा. चार्जिंग तुटत असेल तर सोडून द्या. कोबो टच किंवा नूक सिंपल टचसारख्या जुन्या यंत्रांत स्पर्श अवरक्त किरणांनी ओळखला जातो. चौकटीच्या खोबणीत धूळ बसली की पाने आपोआप उलटतात. हा दोष भयंकर वाटतो, पण मऊ कोरड्या ब्रशने जातो, तेव्हा त्यापायी चांगले यंत्र नाकारू नका.

किंडल असेल तर विक्रेत्याने आपले खाते त्यातून काढल्याचे तुमच्या डोळ्यांदेखत करून घ्या आणि तिथेच तुमचे खाते जोडून पाहा. हरवल्याची नोंद झालेले यंत्र नव्या खात्याला जोडता येत नाही.

प्रश्न : कोबोवर मराठी ई-पुस्तके टाकली. अक्षरे दिसतात, पण वेलांटी चुकीच्या जागी पडते आणि जोडाक्षरे हलन्त लागून फुटतात. फॉन्ट बदलूनही फरक नाही. पुस्तकच खराब आहे का?

पुस्तक बहुधा ठीक आहे. ‘स्थिती’ हा शब्द फाइलमध्ये स, हलन्त, थ, वेलांटी अशा क्रमाने साठवलेला असतो. पडद्यावर ती पहिली वेलांटी ‘स्थ’ या अख्ख्या जोडाक्षराच्या आधी जायला हवी, स अर्धा व्हायला हवा. हे काम फॉन्ट एकटा करत नाही. फॉन्टमधले नियम वाचून अक्षरे जुळवणारी प्रणाली लागते आणि ती नसेल तर कितीही फॉन्ट बदला, थ नंतर वेलांटी लोंबकळतच राहणार.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे कोरीडर. हे मोफत, मुक्त-स्रोत वाचन सॉफ्टवेअर आहे. ते हार्फबझ ही जुळणी-प्रणाली वापरते, त्यामुळे देवनागरी बरोबर उमटते. कोबोचे मूळ सॉफ्टवेअर जागेवरच राहते, कोरीडर त्याच्या शेजारी बसते.

यंत्र संगणकाला डेटा केबलने जोडा (नुसती चार्जिंगची केबल असेल तर संगणकाला यंत्र दिसणारच नाही). संगणकावर लपवलेली फोल्डर दाखवण्याची सोय चालू करा, कारण पुढची सगळी फोल्डर टिंबाने सुरू होतात. फाइल आणि फोल्डरांची नावे इथे देवनागरीत दिली आहेत, टंकताना रोमन लिपीत टंका. मुळाशी ‘.ॲड्स’ (.adds) हे फोल्डर करा आणि कोरीडरची कोबोसाठीची झिप फाइल उलगडून त्यात ‘कोरीडर’ हे फोल्डर ठेवा. मग निकेलमेनूची (कोबोच्या मेनूत कोरीडर सुरू करण्याची ओळ घालणाऱ्या छोट्या जोड-सॉफ्टवेअरची) ‘कोबोरूट.टीजीझेड’ ही फाइल ‘.कोबो’ फोल्डरमध्ये टाका. ती उलगडायची नाही. मॅकवरचा सफारी ब्राउझर अशी फाइल उतरवताना आपणच अर्धी उलगडतो आणि मग यंत्र तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. नावाच्या शेवटी टीजीझेड आहे ना, ते पाहून घ्या. निकेलमेनूची आवृत्ती तुमच्या फर्मवेअरला (यंत्राच्या मूळ सॉफ्टवेअरला) चालणारी आहे याचीही खात्री करा.

केबल ओढण्याआधी एक काम राहते, आणि बहुतेकांचे तेच राहून जाते. ‘.कोबो’मधल्या ‘कोबो’ या उपफोल्डरात ‘कोबो ईरीडर.कॉन्फ’ ही फाइल असते. तिच्यात ‘फीचरसेटिंग्ज’ या मथळ्याखाली, टिंबाने सुरू होणारी फोल्डर वगळण्याची ‘एक्स्क्लूडसिंकफोल्डर्स’ ही ओळ घाला. ती कोरीडरच्या मार्गदर्शिकेतून जशीच्या तशी कॉपी करा, हाताने टंकू नका. ही ओळ नसेल तर कोबो कोरीडरमधली शेकडो चिन्हचित्रे पुस्तके समजून ग्रंथसूचीत भरतो. निकेलमेनूत कोरीडर सुरू करणारी ओळही तशीच, ‘.ॲड्स’मधल्या ‘एनएम’ (nm) फोल्डरात एका साध्या मजकूर-फाइलमध्ये ठेवायची. आता ‘इजेक्ट’ करून केबल काढा. यंत्र स्वतःहून बंद होऊन चालू होईल.

फॉन्टसाठी यंत्राच्या मुळाशी ‘फॉन्ट्स’ हे फोल्डर करा आणि त्यात टीटीएफ फाइली टाका. नोटो सेरिफ देवनागरी किंवा मुक्ता घ्या, शक्यतो मीडियम वजनाचे (म्हणजे मध्यम जाडीच्या रेघांचे). बारीक रेघा ई-इंकवर फिक्या पडतात. व्हेरिएबल फाइल टाळून प्रत्येक वजनाची वेगळी असलेली स्टॅटिक फाइल घ्या. कोरीडरमध्ये ‘फॉन्ट कर्निंग’ हा पर्याय ‘बेस्ट’वरच हवा. ‘गुड’ किंवा ‘फास्ट’ केलेत की वेग किंचित वाढतो आणि जोडाक्षरे पुन्हा फुटतात. ओळींमधले अंतर रोमनपेक्षा थोडे जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतात. सगळे झाले की ‘विद्यार्थ्यांच्या’ आणि ‘दुसऱ्या’ हे दोन शब्द शोधून बघा. दुसऱ्यातला चंद्रकोरीसारखा र नीट दिसला तर मराठीसाठी फॉन्ट पक्का.

नको झाले तर ‘एनएम’ फोल्डरात ‘अनइन्स्टॉल’ नावाची रिकामी फाइल ठेवून यंत्र पुन्हा सुरू करा, निकेलमेनू निघून जातो. कोरीडरचे फोल्डर हाताने पुसा.

प्रश्न : कोबो पहिल्यांदा चालू केल्यावर खाते मागतो. खाते न काढता वापरता येईल का?

येईल. सुरुवातीच्या पडद्यावर वाय-फाय नसल्याचा पर्याय निवडा, यंत्र संगणकाला जोडा आणि वर सांगितलेल्या कॉन्फ फाइलमध्येच ‘ॲप्लिकेशनप्रेफरन्सेस’ या चौकटी कंसातल्या मथळ्याखाली ‘साइडलोडेडमोड=ट्रू’ अशी ओळ घाला (रोमनमध्ये [ApplicationPreferences] आणि SideloadedMode=true). दुकानाचा भाग लपतो आणि तुमची पुस्तके समोर येतात. फर्मवेअर फार जुने असेल तर ही सोय त्यात नसते.

प्रश्न : किंडलवरही कोरीडर बसते का?

बसते, पण आधी यंत्राचे कुलूप तोडावे लागते, म्हणजे जेलब्रेक. ते जमेल की नाही हे मॉडेलपेक्षा फर्मवेअरच्या आकड्यावर ठरते. जानेवारी 2025 मध्ये आलेली विंटरब्रेक ही पद्धत 5.18.1 च्या आधीच्या फर्मवेअरवर चालते. म्हणून वापरलेला किंडल हाती आला की आधी विमान-मोड चालू करा, मग ‘डिव्हाइस इन्फो’मध्ये आकडा वाचा. वाय-फाय चालू ठेवून रात्रभर चार्जिंगला लावलेला किंडल सकाळी नव्या फर्मवेअरवर गेलेला असू शकतो आणि मग ती वाट बंद.

जेलब्रेक करायचा नसेल तर कॅलिबर हे संगणकावरचे मोफत सॉफ्टवेअर वापरून ईपब फाइल (ई-पुस्तकांचा सर्वसाधारण प्रकार) एझेडडब्ल्यू3 या किंडलच्या प्रकारात बदला आणि केबलने ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरात टाका. थेट टाकलेली ईपब किंडलला उघडता येत नाही. खात्यातल्या विकत घेतलेल्या पुस्तकांची प्रत संगणकावर उतरवण्याची वेबसाइटवरची सोय 26 फेब्रुवारी 2025 पासून बंद झाली आहे, हे खरेदीआधी ध्यानात असू द्या.

प्रश्न : जुन्या कोबोत आत मेमरी कार्ड असते असे ऐकले. ते मोठे घालता येईल?

ग्लो, ग्लो एचडी, क्लारा एचडी यांत येते; बऱ्याच यंत्रांत साठवण-चिप बोर्डावर सोल्डर केलेली असते, तिथे नाही. मात्र चित्रे नसलेली कादंबरी एक एमबीच्या आसपास असते. आठ जीबीत अशा हजारो कादंबऱ्या मावतात, म्हणून निव्वळ जागेसाठी यंत्र उघडू नका. कॉमिक्सचा साठा असेल किंवा कार्डच मरायला लागले असेल तरच उघडा. सुरू होताना अडकणे, पुस्तके गायब होणे, वाचलेले पान विसरणे ही मरत्या कार्डाची लक्षणे आहेत.

यंत्र पूर्ण बंद करून मागचे झाकण प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने कडेने सोडवा. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर वापरलात तर तो घसरून पडद्याच्या काचेत शिरतो. पडद्याखाली मऊ कापड ठेवा आणि त्याच्यावर दाब देऊ नका. कार्ड काढून संगणकावर त्याची जशीच्या तशी प्रतिमा (म्हणजे अख्ख्या कार्डाची एका फाइलमध्ये नक्कल) करा. विंडोजवर विन32 डिस्क इमेजर, लिनक्सवर डीडी. केवळ फाइली कॉपी केल्यास यंत्र सुरूच होणार नाही, कारण बूटलोडर (यंत्र सुरू करणारा प्रोग्राम) आणि यंत्राची ओळख कार्डाच्या सुरुवातीला, कोणत्याही विभाजनाच्या (कार्डावरच्या स्वतंत्र भागाच्या) बाहेर लिहिलेली असते. प्रतिमा नव्या कार्डावर उतरवा, मग जीपार्टेड या सॉफ्टवेअरने तिसरे विभाजन तेवढे वाढवा. पहिल्या दोघांना हात लावू नका आणि तिसऱ्याचे ‘कोबोईरीडर’ हे नाव बदलू नका. नवे कार्ड आधी एच2टेस्टडब्ल्यू या क्षमता तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने तपासा. खोट्या क्षमतेची कार्डे प्रतिमा मुकाट्याने घेतात आणि पुस्तके भरू लागल्यावर बिघडतात. जुने कार्ड जपून ठेवा, बिघाड झाला तर परत घालायला तेच उपयोगी पडते.

प्रश्न : वापरलेल्या ई-रीडरची बॅटरी लवकर उतरते. बदलावी का?

आधी वाय-फाय बंद करून पाहा. मग नुकतीच टाकलेली पुस्तके तात्पुरती काढा. किंडल एखाद्या बिघडलेल्या फाइलची सूची करण्यात अडकला तर झोपेतही बॅटरी खातो. दोन्ही करूनही फरक नसेल तरच बदला.

नवी बॅटरी 3.7 व्होल्टचीच, जाडी जुनीपेक्षा जास्त नको. प्लग सारखा दिसला म्हणून लगेच खुपसू नका : लाल आणि काळी वायर जुन्यासारख्याच बाजूला आहे का ते मल्टिमीटरवर बघा. उलट जोडली तर बोर्ड जळतो. जुन्या बॅटरीखालचा गोंद सुटत नसेल तर कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब सोडा, मिनिटभर थांबा आणि सपाट पट्टीने हळूहळू उचला, बॅटरी न वाकवता. ती फुगलेली असेल तर दाबू, टोचू किंवा चार्ज करू नका. वाळू भरलेल्या धातूच्या डब्यात ठेवून ई-कचरा केंद्रात द्या.

प्रश्न : स्कॅन केलेली पीडीएफ पुस्तके सहा इंची पडद्यावर वाचता येतील?

यंत्र आडवे धरून, समास कापून. आडव्या पडद्याची रुंदी सुमारे 12.2 सेंमी. डेमी आकाराच्या पुस्तकाचे पान साधारण 14 सेंमी रुंद असते आणि समास काढल्यावर मजकूर 10 ते 11 सेंमी उरतो, म्हणजे छापील पुस्तकापेक्षा अक्षर किंचित मोठेच दिसते. ए4 पानाचा मजकूर मात्र 16 सेंमीच्या घरात असतो, तिथे 12 पॉइंटचे अक्षर 9 पॉइंटवर येते. ए4 पीडीएफ हेच मुख्य वाचन असेल तर सहा इंची यंत्र घेऊच नका.

श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली पीडीएफ ईपबमध्ये बदलायला गेलात तर निरर्थक रोमन चिन्हांची रांग हाती येते, कारण आतला मजकूर युनिकोड नसतो. ती पीडीएफ म्हणूनच वाचा.

प्रश्न : मागच्या पानाची पुसट छाया पडद्यावर राहते. पडदा खराब झाला का?

नाही. पानोपानी पूर्ण काळे-पांढरे करून पुसायला वेळ लागतो, म्हणून यंत्र काही पाने अर्धवट पुसते. कोरीडरमध्ये हा हिशेब मुळात सहा पानांचा असतो. तो एकावर आणा. पान बदलताना पडदा लुकलुकेल, बॅटरी थोडी जास्त जाईल. पूर्ण पुसूनही छाया तशीच राहिली, तर यंत्र थंड आहे का ते पाहा. थंडीत शाईचे कण सावकाश सरकतात. खोलीच्या तापमानाला थोडा वेळ ठेवून पुन्हा बघा.