पंधरा दिवसांनंतर आलेला ‘क्वालिटी रिजेक्ट’

प्रश्न : मी पुण्यात घरच्या बूथमधून व्हॉइस-ओव्हर करते. बेंगळुरूच्या एका ई-लर्निंग कंपनीसाठी ४० मराठी धडे रेकॉर्ड केले, धड्याला १,५०० रुपये. सगळ्या फाइल ३ मार्चला पाठवल्या. १ एप्रिलला मेल आला की १४ धडे ‘क्वालिटी रिजेक्ट’, त्यांचे पैसे मिळणार नाहीत. कारण विचारलं, तर ‘क्वालिटी टीमचा निर्णय अंतिम’ हे करारातलं कलम दाखवतात. त्यातले दोन धडे मात्र त्यांच्या ॲपवर माझ्याच आवाजात सुरू आहेत. माझी उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) दोन वर्षांपूर्वीची आहे.

उत्तर : तुमची खरी ताकद तारखांमध्ये आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार काम मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर काम दिल्याच्या दिवशीच ते स्वीकारलं असं धरतात. ही मुदत १८ मार्चला संपली. करारात पैसे देण्याची तारीख काहीही असो, ती ४५ दिवसांपलीकडे, म्हणजे १७ एप्रिलच्या पुढे जाऊ शकत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. नोंदणी कामाआधीची आहे, हे फार बरं झालं.

आधी एक गोष्ट तपासा. त्या १५ दिवसांत को-ऑर्डिनेटरने व्हॉट्सॲपवर ‘जरा नॉइज आहे’ असं काही लिहिलं होतं का? तीही लेखी हरकत ठरू शकते. शिवाय कंपनी दर्जाबद्दल प्रतिदावा करू शकते, म्हणून दर्जाचा पुरावाही तयार ठेवा.

ब्रीफमध्ये, म्हणजे कामाच्या लेखी सूचनांमध्ये, आकडे असतील (उदाहरणार्थ पीक, म्हणजे सर्वांत मोठा आवाज, उणे ३ डेसिबल; नॉइज फ्लोअर, म्हणजे शांततेतला पार्श्वआवाज, उणे ६०), तर तेच मोजा, आणि पाठवलेल्या फाइलवर मोजा. मूळ रेकॉर्डिंगमध्ये उणे ६४ असलेला पंख्याचा आवाज, एक्स्पोर्ट करताना ८ डेसिबल गेन दिला (आवाज वाढवला) की उणे ५६ होतो. तेव्हा कंपनीची तक्रार खरी निघते. दोन वाक्यांमधली शांत जागा निवडून आरएमएस (आवाजाची सरासरी पातळी) बघा. मग मंजूर झालेल्या २६ धड्यांतले दोन-तीन याच पद्धतीने मोजा. आकडे सारखे आले, तर १४ धड्यांत वेगळं काय होतं हे कंपनीला सांगावं लागेल.

उच्चाराचा मुद्दा काढला, तर परीक्षकाला मराठी येतं का, हे विचाराच. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतले दोन ‘च’ वेगळे, हे ठाऊक नसलेला माणूस बरोबर उच्चारावरही फुली मारतो. गाळलेली ओळ, क्लिपिंग (पातळी ओलांडल्याने फाटलेला आवाज), तोंडाचा टक्-टक् आवाज हे मात्र तुमचे दोष. त्यांचा रिटेक विनामोबदला द्यायची तयारी लेखी कळवा. स्क्रिप्ट बदलली असेल, तर ते नवं काम.

‘निर्णय अंतिम’ या कलमाला घाबरू नका. परीक्षण प्रामाणिकपणे, ब्रीफला धरून व्हायला हवं, आणि दाद मागण्याचा हक्क पूर्णपणे काढून घेणारं कलम भारतीय करार अधिनियमाच्या कलम २८ खाली रद्दबातल आहे. त्यात नाकारलेलं काम वापरणं म्हणजे कृतीने केलेला स्वीकारच. ॲपवरच्या दोन्ही धड्यांचं स्क्रीन रेकॉर्डिंग आजच करा, तारीख दिसू द्या. पाठवलेल्या फाइल पुन्हा सेव्ह करू नका, हॅश (फाइलच्या आशयावरून निघणारा तिचा ओळख-क्रमांक) बदलेल. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात तो लिहावा लागतो.

आता नोटीस पाठवा, मेल आणि रजिस्टर्ड पोस्ट दोन्हीने. २१,००० रुपये आणि व्याज मागा. प्रत्येक नाकारलेल्या फाइलचं कारण मिनिट-सेकंदासह मागा. उत्तराला १५ दिवस द्या. उत्तर नाही आलं, तर सुविधा परिषदेकडे (याच २००६ च्या कायद्याखाली थकलेल्या पैशांचे वाद ऐकणारी संस्था) ऑनलाइन अर्ज करा. पुरवठादार जिथे आहे तिथल्या परिषदेला अधिकार असतो, त्यामुळे बेंगळुरूला जायची गरज नाही. आधी समेट, तो फसला तर लवाद. निवाड्याला आव्हान द्यायचं तर कंपनीला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. ग्राहक आयोगात जाऊ नका, इथे तुम्ही ग्राहक नाही.

ज्यांची नोंदणी नाही, त्यांना दिवाणी दावा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची दावापूर्व लोकअदालत. दाव्याची मुदत तीन वर्षं.

मंजूर २६ धड्यांचे ३९,००० रुपये आले तर जरूर घ्या. फक्त पावतीवर ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहून सही करू नका. ‘२६ धड्यांपोटी, उरलेला हक्क राखून’ असं लिहा.