वगळलेली दृश्यं

प्रिय मित्रा,

तुझी यादी मिळाली. चित्रपट, दिग्दर्शक, वर्ष आणि पुढे तारे. ओझू, सत्यजित राय, कुरोसावा, ब्रेसाँ, तारकोव्हस्की. अलीकडच्यांपैकी वाँग कार-वाय, कोरे-एदा, चैतन्य ताम्हाणे. चारपेक्षा कमी तारे एकाच्याही वाट्याला आलेले नाहीत. आणि शेवटी प्रश्न: आता पुढे काय बघू?

नवी नावं सुचवायला मला फार वेळ लागणार नाही. पण त्याने तुझी यादी लांबेल, एवढंच. मला जास्त रस आहे तो जपानच्या ओझूच्या 'टोकियो स्टोरी'पुढे तू लिहिलेल्या शेऱ्यात: 'संथ आहे, पण महत्त्वाचा.' महत्त्वाचा हे कुणी ठरवलं? तू ठरवलं असतंस तर एखादा प्रसंग तरी सांगितला असतास. कंटाळा आला असेल तर सरळ तसं लिही, आणि नेमका कुठे आला तेही लिही. त्यावर आपल्याला बोलता येईल. ताऱ्यांवर काय बोलणार?

मोठ्या दिग्दर्शकाचं कौतुक करताना आपण बहुतेक वेळा त्याने काय दाखवलं तेच सांगतो. अमुक फ्रेम, तमुक प्रकाश, तो लांबलचक शॉट. माझा अनुभव असा की त्याने काय दाखवायचं नाकारलं हे शोधलं तर तो लवकर कळतो. सुरुवात ओझूपासूनच करू, कारण तुझी अडचण तिथेच आहे.

'लेट स्प्रिंग' (1949) ही सगळी गोष्ट एका मुलीच्या लग्नाची. विधुर बाप, त्याला सोडून जायला तयार नसलेली मुलगी, स्थळ आणणारी आत्या. नवरा मुलगा गॅरी कूपरसारखा दिसतो अशी चर्चा होते. पण तो मुलगा चित्रपटात एकदाही दिसत नाही. लग्नही दिसत नाही. मुलगी नववधूच्या पोशाखात बापाचा निरोप घेते, आणि त्यानंतर आपण पोचतो ते थेट लग्न आटोपल्यावर. बाप रिकाम्या घरी येतो, खुर्चीत बसून सफरचंद सोलतो. दुसऱ्या कुणीही मंडप, गर्दी, रडारड दाखवली असती. ओझूने लग्न गाळलं, कारण त्याला लग्नात रस नव्हता. लग्नाने कोण एकटं पडलं, यात होता.

आता 'टोकियो स्टोरी' (1953) पुन्हा बघ. टोकियोतल्या मुलांना भेटून परत जाताना म्हाताऱ्या आईला गाडीत बरं वाटेनासं होतं. हा प्रसंग आपल्याला दिसतच नाही. ओसाकात नोकरी करणारा मुलगा कामाच्या ठिकाणी सहकाऱ्याशी बोलतो, तेव्हा आईवडिलांना वाटेत उतरावं लागल्याचं कळतं. मुलांना आईवडिलांची बातमी जशी कळते, वरवर, कामाच्या गडबडीत, तशीच ती आपल्यालाही कळते. म्हणजे दिग्दर्शकाने आपल्याला नकळत त्या मुलांच्या रांगेत बसवलं. तुला जो 'संथपणा' जाणवला त्यात अशा बऱ्याच गोष्टी झपाट्याने उरकलेल्या आहेत. चित्रपट थांबतो तो मात्र हातपंखा हलवत बसलेल्या माणसांपाशी. जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेहूनही खाली लावलेला कॅमेरा, त्याचं जवळजवळ न हलणं, मधेच येणारे धुराड्यांचे आणि रिकाम्या बोळांचे शॉट, हे सगळं तू कुठेतरी वाचलं असशीलच. ते खरं आहे, पण तिथून सुरुवात करू नकोस. ते लक्षात येऊनही चित्रपट हाती लागत नाही.

रायांचं वगळणं वेगळ्या जातीचं. 'पथेर पांचाली' (1955) मध्ये हरिहर बऱ्याच दिवसांनी घरी परततो, मुलीसाठी आणलेली साडी दाखवतो, ती मुलगी वारल्याचं त्याला ठाऊक नसतं, आणि त्याची बायको सर्वजया कोसळते. तिचा हंबरडा आपल्याला तिच्या आवाजात ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई हे तंतुवाद्य वाजतं. संगीत रविशंकरांचं. अभिनेत्रीचा आवाज काढून घेण्याचं धाडस बघ. तो आवाज असता तर ते त्या एका बाईचं रडणं राहिलं असतं आणि आपण तिच्याकडे बघत बसलो असतो. मला हा प्रसंग आजही सहन होत नाही आणि तो मी टाळतही नाही.

जाता जाता एक. 'पथेर पांचाली'पासून सुरू होणारी अपू त्रयी बघताना प्रत कुठली आहे ते पाहून घे. 1993 मध्ये लंडनच्या एका लॅबला लागलेल्या आगीत तिच्या मूळ निगेटिव्हचं मोठं नुकसान झालं होतं. बऱ्याच वर्षांनी उरलेल्या फिती दुरुस्त करून आणि इतर प्रतींची जोड देऊन नवी आवृत्ती तयार झाली, ती 2015 मध्ये आली. तीच बघ. छायाचित्रकार सुब्रत मित्रांचा प्रकाश धुरकट प्रतीत बघून मत बनवणं अन्याय आहे.

ब्रेसाँच्या 'अ मॅन एस्केप्ड'ला (1956) तू पाच तारे दिलेत, म्हणून विचारते: पहिला पलायनाचा प्रयत्न तुला आठवतो का? नायक फोंतेनला गाडीतून तुरुंगाकडे नेत आहेत. संधी मिळताच तो दार उघडून पळतो. आणि कॅमेरा? तो गाडीतच बसून राहतो, फोंतेनच्या रिकाम्या जागेपाशी. बाहेर गोळ्यांचे आवाज. थोड्या वेळाने त्याला परत आणून बसवतात. नावातच शेवट सांगून टाकलेला चित्रपट, त्यात पहिल्या काही मिनिटांतच हाणामारी गाळलेली, तरी श्वास रोखला जातो. पुढे चमच्यापासून केलेल्या पातीने दाराच्या फळ्या सैल करणं हेच मुख्य 'नाट्य'. या चित्रपटाची दहा मिनिटं डोळे मिटून ऐक. पहारेकऱ्याची किल्ली कठड्यावर घासते तो आवाज, लांबून जाणारी आगगाडी. तुरुंगाची इमारत ब्रेसाँ नीटशी दाखवत नाही, ती आपण कानांनी बांधतो.

कुरोसावाचा 'इकिरू' (1952) घे. पोटाचा कर्करोग झालेला कारकुनी वृत्तीचा अधिकारी मरण्याआधी मुलांसाठी एक बाग करायची असं ठरवतो. मग तो कामाला लागतो, आणि पुढच्याच टप्प्यावर निवेदक सांगतो की तो मेला. चित्रपटाचा जवळपास तिसरा हिस्सा शिल्लक असताना! उरलेला वेळ त्याच्या घरी जमलेले सहकारी दारू पीत भांडतात की बागेचं श्रेय नक्की कुणाचं. नायकाची धडपड आपल्याला या लोकांच्या आठवणींतून तुकड्यातुकड्यांनी मिळते. हिमवर्षावात झोपाळ्यावर गाणारा नायक, म्हणजे नट तकाशी शिमुरा, सगळ्यांच्या लक्षात राहतो, राहायलाच हवा. पण त्या झोपाळ्याआधी त्या नशेतल्या, घोळ घालणाऱ्या माणसांची गर्दी आहे म्हणून तो एवढा लागतो. पराक्रम सलग दाखवला असता तर 'इकिरू' हा एक प्रेरणादायी चित्रपट झाला असता आणि मला फारसा आवडला नसता.

आता हाच नियम उलटा फिरवणारी बाई बघ. बेल्जियमच्या शांताल अकरमानने 'जान दिएलमान' (1975) केला तेव्हा ती पंचविशीत होती. चित्रपट 201 मिनिटांचा. एका गृहिणीचे तीन दिवस. बाकीचे चित्रपट जे कापून टाकतात ते सगळं इथे आहे: बटाटे सोलणं, भांडी विसळणं, दिवा लावणं, मालवणं. आणि बाकीचे ज्याच्यासाठी कॅमेरा घेऊन धावले असते ते दाराआड आहे. घरी येणाऱ्या पुरुषांसोबत ती झोपण्याच्या खोलीत जाते तेव्हा पहिले दोन दिवस आपण बाहेरच थांबतो. तिसऱ्या दिवशी कॅमेरा आत जातो. का, ते तू बघ. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात, एवढ्याशा घटनेने माझ्या पोटात गोळा आला होता. हा चित्रपट तुझ्या यादीत नाही. एका बैठकीत बघणार असशील तरच लाव. तुकडे करून तो बघताच येत नाही.

याच चित्रपटाला 'साइट अँड साउंड' मासिकाच्या समीक्षकांनी 2022 च्या मतदानात पहिला क्रमांक दिला. त्याआधी 2012 मध्ये तिथे हिचकॉकचा 'व्हर्टिगो' होता, 1962 पासून 2002 पर्यंत 'सिटिझन केन', आणि 1952 च्या पहिल्या मतदानात 'बायसिकल थीव्ज', जो तेव्हा अवघा चार वर्षांचा होता. चित्रपट तेच, बघणारे बदलले. म्हणून क्रमांक पाठ करू नकोस. तो उपयोगी पडतो फक्त दुर्मीळ चित्रपट मिळवण्यापुरता.

'जुने श्रेष्ठ' आणि 'नवे चांगले' असे तू दोन तक्ते केलेत, तेही मोडून टाक. वाँग कार-वायच्या 'इन द मूड फॉर लव्ह'मध्ये (2000) ज्या नवऱ्याने आणि ज्या बायकोने फसवणूक केली त्या दोघांचे चेहरे आपण कधीच बघत नाही. आवाज येतात, पाठ दिसते. 'लेट स्प्रिंग'च्या अदृश्य नवऱ्याशेजारी हे ठेवून बघ. कोरे-एदाच्या 'स्टिल वॉकिंग'मध्ये (2008) थोरला मुलगा एका पोराला वाचवताना बुडाला, ही घटना पूर्वीच घडून गेलेली आहे. ती आठवण म्हणूनसुद्धा पडद्यावर येत नाही. वाचलेल्या पोराला आई दर वर्षी श्राद्धाच्या दिवशी का बोलावते, ते ती विणकाम करता करता थंडपणे सांगते, आणि त्या साध्या सुरात जी क्रूरता आहे ती ओझूच्या घरात क्वचितच सापडेल. लोक कोरे-एदाला सारखे ओझूचा वारस म्हणतात. तो स्वतः जपानचाच नारुसे आणि ब्रिटिश केन लोच या दिग्दर्शकांशी जवळीक सांगतो, आणि माझ्या मते बरोबर सांगतो.

इराणच्या किआरोस्तामीचा 'क्लोज-अप' (1990) तर शेवटी चक्क लबाडी करतो. मखमलबाफ या दिग्दर्शकाचं सोंग घेतलेला माणूस खऱ्या मखमलबाफला भेटतो. त्या क्षणाची आपण सगळा वेळ वाट बघतोय, आणि नेमका माइक बिघडतो. आवाज येतो, जातो. नंतर किआरोस्तामीने सांगितलं की तो बिघाड त्याचाच होता. त्या दोघांचं बोलणं ऐकायचा आपल्याला हक्क नाही, असा मी त्याचा अर्थ लावते. मला हा सगळ्या चित्रपटसृष्टीतला सर्वात सभ्य खोटेपणा वाटतो.

हे वाचून प्रत्येक महान नाव आवडायलाच हवं असा समज करून घेऊ नकोस. तारकोव्हस्कीचा 'स्टॉकर' मला जिवाभावाचा, 'मिरर'बद्दल मात्र आदर आहे, माया नाही. एकाच दिग्दर्शकाबद्दल अशा दोन भावना असायला हरकत नाही. किंबहुना दहा चित्रपट बघूनही त्या सारख्याच राहिल्या तर तू चित्रपट बघत नसून नाव बघतो आहेस.

बघण्याच्या सवयींबद्दल थोडंसंच. वेग वाढवून बघू नकोस. परीक्षण नंतर वाच, आधी स्वतःच्या पाच ओळी लिही. त्या ओळींत विशेषणं नकोत. काय दिसलं, काय ऐकू आलं, आणि जे दिसेल असं वाटलं होतं पण दिसलं नाही, ते. एका दिग्दर्शकाला दोन-तीन महिने दे, फसलेल्या चित्रपटांसकट. आवडलेला चित्रपट आठवड्याभरात पुन्हा बघ. दुसऱ्या खेपेला पुढे काय होणार ही उत्सुकता नसते, त्यामुळे दिग्दर्शकाचे हात दिसतात.

पुढे काय बघायचं, तर नवं काही नाही. ताम्हाणेंचा 'कोर्ट' (2014) तू पाहिला आहेस, तोच पुन्हा बघ. सुनावणी संपते, दिवे बंद होतात, पडदा काळा होतो. चित्रपट संपला असं वाटतं, आणि मग तो सुरू राहतो. खटल्याचं काय होणार, ज्यासाठी आपण दोन तास बसलो, ते बाजूला पडतं, आणि सुट्टीवर गेलेले न्यायाधीश आपल्यासमोर येतात. बाकावर डुलकी काढताना मुलं त्यांना दचकवतात, ते एकाला चापट मारतात आणि पुन्हा झोपी जातात. निकालाच्या जागी ही डुलकी का ठेवली असेल, ते मला दोन पानांत लिहून पाठव. माझं उत्तर मी लिहून ठेवलं आहे. तुझी पानं आली की पाठवते.

सस्नेह.