टोपणनावाला अर्थ असतोच का?

प्रश्न : काही टोपणनावांचा अर्थ चटकन लागतो, तर काहींचा कितीही विचार केला तरी लागत नाही. प्रत्येक टोपणनावाला अर्थ असतोच का? नावावरून त्याचा उगम ओळखता येतो का?

उत्तर : साहित्यिक स्वतःहून घेतात ती टोपणनावे येथे बाजूला ठेवू, कारण ती विचारपूर्वक निवडलेली असतात. इतरांनी पाडलेल्या नावांत मात्र शब्दाचा अर्थ एक आणि ते पडण्याचे कारण दुसरेच, असे पुष्कळदा होते. ते कारण ठाऊक असणारी माणसे गेली की शब्द तेवढा उरतो.

रोमन वक्ता सिसेरो याचे नाव हरभऱ्याच्या लॅटिन नावावरून आलेले आहे. ते का पडले, याची मात्र प्राचीन काळातच दोन उत्तरे होती. त्याच्या एका पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्यावर हरभऱ्यासारखी खाच होती, असे ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. रोमन लेखक थोरला प्लिनी अशा नावांचा संबंध ते पीक उत्तम काढणाऱ्या घराण्यांशी जोडतो. पहिली कथा अधिक रंजक आहे, आणि नेमकी म्हणूनच ती मला जपून स्वीकारावीशी वाटते. सिसेरोच्या काळापर्यंत ते कुळाचे नाव झालेलेच होते. राजकारणात उतरताना मित्रांनी ते बदलण्यास सुचवले, तेव्हा याच नावाला प्रतिष्ठा मिळवून देईन, असे सिसेरो म्हणाल्याची नोंदही प्लुटार्कने केली आहे.

चित्रकार बोत्तिचेल्लीच्या नावाचा अर्थ ‘छोटे पिंप’ असा आहे. त्यावरून तो लठ्ठ होता, असा तर्क कोणीही करील. परंतु हे नाव मुळात त्याच्या थोरल्या भावाला पडले होते, असे मानतात.

कधी कधी कारण स्पष्ट असूनही नाव नकोसे होते. वडिलांच्या छावणीत सैनिकी पोशाखात वावरणाऱ्या छोट्या गायसला सैनिक लाडाने ‘कॅलिगुला’, म्हणजे ‘छोटे बूट’, म्हणत. इ. स. 37 मध्ये तो रोमन सम्राट झाला आणि तत्त्वज्ञ सेनेकाच्या म्हणण्याप्रमाणे हेच नाव त्याला अपमानास्पद वाटू लागले.

अर्थ असतोच असेही नाही. फुटबॉलपटू पेले लहानपणी ‘बिले’ नावाच्या गोलरक्षकाचा उच्चार चुकीचा करीत असे; त्यावरून मुलांनी त्याला ‘पेले’ म्हणून चिडवले, असे त्यानेच सांगितले आहे. पोर्तुगीज भाषेत या शब्दाला अर्थ नव्हता. अशा नावाचा अर्थ शब्दकोशात धुंडाळण्यापेक्षा ते पहिल्यांदा कोणी, कोणाला आणि कोणत्या वयात म्हटले, हे जुन्या परिचितांना विचारावे.