लू आणि विहिरीवरची मोटार : एआरपी २६०० व एमएस-२० च्या सॉफ्टवेअर नकला

धुळ्याच्या सदस्यांनी विचारले आहे की, अहिराणी लघुपटासाठी उन्हाळी लूचा आणि विहिरीवरच्या बंद पडत जाणाऱ्या मोटारीचा आवाज करायचा आहे. त्यासाठी जुन्या सेमी-मॉड्युलर सिंथची (विजेवर आवाज तयार करणाऱ्या वाद्याची) सॉफ्टवेअर नक्कल पुरेल, की मूळ यंत्रच हवे?

नक्कल पुरेल. १९७१ चा एआरपी २६०० किंवा १९७८ चा कॉर्ग एमएस-२० या सिंथांचे मूळ ऑसिलेटर (सूर निर्माण करणारे भाग) तापमान बदलले की सूर सोडतात, आणि मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांवर गेला की ते सांभाळत बसण्याची हौस मला तरी नाही.

सेमी-मॉड्युलर म्हणजे केबल न लावताही आवाज देणारे यंत्र. आतली जोडणी तयारच असते आणि एखाद्या जॅकमध्ये केबल खोचली की तेवढ्यापुरती ती तुटते. म्हणून आधी प्रीसेट (आधीच बनवून ठेवलेली मांडणी) बंद करा आणि एकेक केबल लावून काय तुटले ते ऐका.

लूसाठी २६०० घ्या. फिल्टरवरचे (आवाजातले काही सूर गाळणाऱ्या भागावरचे) तिन्ही ऑसिलेटरचे स्लायडर खाली, नॉइजचा (खरखरीचा) वर, आणि व्हीसीएचा (आवाजाची पातळी ठरवणाऱ्या भागाचा) इनिशियल गेन वर करा, म्हणजे कळ न दाबताही आवाज चालू राहील. मग सॅम्पल अँड होल्डची (ठरावीक वेळाने नवे व्होल्टेज पकडून धरणाऱ्या भागाची) आउटपुट लॅग प्रोसेसरमध्ये (बदल सावकाश करणाऱ्या भागात) आणि तिथून फिल्टरच्या ‘एडीएसआर’ लिहिलेल्या जॅकमध्ये न्या. सॅम्पल अँड होल्डचे घड्याळ अगदी संथ ठेवा. लॅगशिवाय आवाज पायऱ्या-पायऱ्यांनी उड्या मारतो, लॅग वाढवला की तोच केळीच्या बागेतून सरकत येणाऱ्या झोतासारखा चढतो-उतरतो. रेझोनन्स (फिल्टर जिथे कापतो तिथल्या सुरांचा जोर) जरा जास्त झाला तर मात्र शिट्टी ऐकू येते.

मोटारीसाठी एमएस-२० ची इफेक्ट आवृत्ती वापरा, कारण तिच्यात बाहेरचा आवाज घेणारा भाग आहे. खरी मोटार बंद करतानाचे रेकॉर्डिंग आत द्या आणि त्या आवाजाच्या सुराचे व्होल्टेज करणारी आउटपुट ऑसिलेटरच्या सीव्ही इनमध्ये (सूर ठरवणारे व्होल्टेज घेणाऱ्या जॅकमध्ये) जोडा. मोटार मंदावेल तसा सिंथचा सूरही तिच्यामागे खाली येईल. माझ्या पहिल्या प्रयत्नात पक्ष्यांच्या आवाजामुळे सूर सारखा वर उसळत होता; त्याच भागातला हाय कट (वरचे सूर कापणारा नॉब) खाली आणल्यावर तो स्थिरावला. दोन्ही फिल्टरचे पीक (म्हणजे रेझोनन्स) वाढवताना हेडफोनचा आवाज कमी ठेवा, एमएस-२० अचानक किंचाळतो.