आजोबांच्या ट्रंकेतील छागल, स्टोव्ह आणि सुरी

गेल्या अंकात उमरेड-कऱ्हांडल्यातील मचाणावरच्या रात्रीविषयी लिहिताना मी छागलीचा, म्हणजे पाणी गार ठेवणाऱ्या कापडी पिशवीचा, ओझरता उल्लेख केला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांत शिकार आणि मुक्कामाच्या जुन्या सामानाविषयीच इतके प्रश्न आहेत, की या वेळचे सबंध सदर त्यांनाच दिले आहे. जागेअभावी पत्रे संक्षेपाने छापली आहेत.

प्रश्न : महालातील आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर आजोबांची लोखंडी ट्रंक सापडली. तीत जाड कापडाची एक छागल होती. पाणी भरले तर ती चहूबाजूंनी गळू लागली, म्हणून मी मेण वितळवून तिला आतबाहेर लावले. आता थेंबही गळत नाही, परंतु पाणीही गार होत नाही. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या प्राणिगणनेसाठी ती न्यायची आहे. काय चुकले? (एक वाचक, महाल)

आपण छागलीची बादली केलीत, एवढेच चुकले. छागल पाझरते म्हणूनच पाणी गार करते. कापडातून बाहेर आलेला ओलावा वाऱ्याने उडून जाताना उष्णता बरोबर घेऊन जातो, आणि ती उष्णता आतल्या पाण्यातूनच येते. हिशेब करायचा तर शंभर भाग पाण्यातील एक भाग असा उडाला, की उरलेले पाणी साधारण पाच अंशांनी निवू शकते; प्रत्यक्षात बाहेरची ऊब आत शिरत राहते म्हणून फरक थोडा कमी पडतो. मेणाने आपण हा सगळा व्यवहारच बंद करून टाकला. मातीच्या माठाला आतून तेलरंग दिला तर काय होईल, तेच येथे झाले आहे.

उपाय कष्टाचा आहे आणि यशाची खात्री मी देत नाही. तोंडाचे बूच व काढता येतील ते धातूचे भाग काढून ठेवावेत, जाड थर बोथट चमच्याने खरवडावा आणि छागल धुण्याचा सोडा घातलेल्या कढत पाण्यात बुडवून ठेवावी. मेण वितळून वर तरंगू लागेल. ते पाणी गार होऊ न देता तवंग काढून टाकावा, नाहीतर तेच मेण पुन्हा कापडाला चिकटते. हे चार-पाच वेळा करावे लागेल. त्यानंतरही पाणी पाझरत नसेल, तर ती छागल काडेपेटी, वही आणि दुर्बीण कोरडी ठेवण्यासाठी उत्तम पिशवी झाली असे समजावे आणि दुसरी छागल शोधावी.

दुसरी मिळाली, की ती पहिल्या दिवशी गळणारच. कापडाचे धागे पाण्याने फुगून एकमेकांत घट्ट बसायला वेळ लागतो. रात्रभर बादलीत बुडवून ठेवावी, ते पाणी टाकून द्यावे, पुन्हा भरावी आणि सावलीत, पण वारा लागेल अशा ठिकाणी टांगावी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून धार थांबते आणि केवळ अंग दमट राहते. पहिल्या पाण्याला गोणपाटासारखा वास येतो. तो चार-सहा वेळा भरल्यावर जातो. साबण मात्र लावू नये.

आपल्याकडे ही वस्तू इतकी रुळली याचे कारण विदर्भाचा उन्हाळाच होय. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा हवा कोरडी ठणठणीत असते आणि छागल आपले काम चोख करते. हीच छागल ऑगस्टमध्ये टांगून पाहावी. पाणी कोमटच राहील, कारण दमट हवा आणखी ओलावा घ्यायला तयार नसते. एक खबरदारी घ्यावी. छागल हवेलाही पाणी पाजत असते, त्यामुळे मचाणावर संध्याकाळी भरून नेलेली छागल पहाटेपर्यंत बरीच हलकी झालेली असते. पिण्याच्या पाण्याची एक साधी बाटली वेगळी असू द्यावी.

गणनेला जाणारच आहात, तर त्या ट्रंकेतील खाकी सुती सदराही बाहेर काढावा. शंभर वेळा धुतलेले सुती कापड अंग हलवले तरी आवाज करीत नाही. नायलॉनचे जाकीट बाहीला बाही घासताच खसखसते आणि पाण्याला तोंड लावलेले चितळ मान वर करते. जुन्या शिकाऱ्यांना हे नेमके ठाऊक होते. त्यांची बंदूक आपल्याला नको आहे, पण गप्प बसण्याची त्यांची तयारी हवी आहे. घोंगडीही घ्यावी. मे महिन्यात ती पांघरायला लागणार नाही, मात्र बांबूच्या मचाणावर बारा तास बसायचे असते, तेव्हा चौपदरी घोंगडीइतकी चांगली बैठक मला अजून मिळालेली नाही.

प्रश्न : वडिलांचा पितळी पंपाचा स्टोव्ह घासून लख्ख केला, पण ज्योत पिवळी येते आणि भांडी काळी होतात. रॉकेल मिळत नाही, म्हणून एका परिचिताने थोडे पेट्रोल मिसळण्यास सुचवले आहे. मिसळू का? (एक वाचक, कामठी)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : मुळीच नाही, चमचाभरही नाही. रॉकेलच्या स्टोव्हची टाकी रॉकेलसाठी घडवलेली असते. पेट्रोलची वाफ साध्या हवेच्या उष्णतेनेही होते. पंपाने दाब दिलेल्या आणि वरून तापणाऱ्या बंद टाकीत ते भरणे म्हणजे हातबॉम्ब घेऊन स्वयंपाकाला बसणे होय. रेशनवरचे निळे रॉकेल आता दुरापास्त झाले आहे हे खरे. खुल्या विक्रीचे शुद्ध रॉकेल मिळेल तेव्हाच स्टोव्ह पेटवावा, एरवी तो फडताळात शोभू द्यावा.

आता ज्योतीकडे वळू. या स्टोव्हची रचना स्वीडनमधील फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२ मध्ये केली. त्यातली खुबी अशी, की येथे वात नाही. पंपाच्या दाबाने रॉकेल वर चढते, तापलेल्या बर्नरच्या नळ्यांतून जाताना त्याची वाफ होते आणि निपलच्या सुईएवढ्या भोकातून ती वाफ जोराने बाहेर पडून हवेत मिसळते. बर्नर पुरेसा तापला नसेल, तर वाफेऐवजी पातळ रॉकेलच बाहेर येते आणि पिवळी, धुरकट ज्योत उठते. दहापैकी आठ वेळा दोष घाईचा असतो. काकडा स्पिरिटमध्ये नीट भिजवून बर्नरला लावावा, तो जळत संपत आला की मगच हवेचा स्क्रू आवळून पंपाचे दोन-तीन हलके दट्टे द्यावेत. निळी ज्योत घुमू लागली की उरलेली हवा भरावी.

तरीही ज्योत पिवळीच राहिली, तर निपलमध्ये पिन घालून पाहावी. पिन जबरदस्तीने रेटू नये. भोक मोठे झाले तर स्टोव्ह कायमचा धुरकटतो आणि निपल बदलण्यावाचून इलाज राहत नाही. पंप पोकळ लागत असेल, तर आतला कातडी वायसर सुकला आहे असे समजावे. दांडा बाहेर काढला की टोकाला वाटीसारखे कातडे दिसेल; ते तेलात भिजवून बोटाने कडा बाहेर फाकवाव्यात. बरेच लोक यासाठी खोबरेल वापरतात. उन्हाळ्यात ते चालते. नागपूरच्या डिसेंबरात खोबरेल गोठते आणि वायसर आतच अडकून बसतो. एरंडेल बरे.

घासून लख्ख केल्यावर एक परीक्षा आवर्जून करावी, कारण जुन्या पितळेचे सांधे दिसतात तितके शाबूत नसतात. टाकी रिकामी करून, पुसून, बर्नर व झाकण घट्ट बसवावे, निपलच्या जागी ते बंद राहील अशी व्यवस्था करावी, थोडी हवा भरावी आणि टाकी बादलीतल्या पाण्यात बुडवावी. तळाच्या कडेला किंवा पंपाच्या मुळाशी बुडबुड्यांची माळ दिसली, तर तो स्टोव्ह डाग देणाऱ्या जाणत्या कारागिराकडे न्यावा. घरी त्यावर चिकटपट्टीचे प्रयोग नकोत. आणि स्टोव्ह कितीही चांगला असला, तरी तंबूच्या आत पेटवू नये. आगीइतकीच भीती विषारी वायूची असते, आणि तो वायू वास देऊन सावध करीत नाही.

आपल्याकडे पेट्रोमॅक्स बत्तीही आहे असे आपण लिहिले आहे. तिची देखभाल याच धर्तीवर करावी. मात्र जुन्या पुड्यांतील मँटलमध्ये, म्हणजे ज्योतीभोवतीच्या जाळीदार पिशवीत, थोरियम हे किरणोत्सारी द्रव्य असे; जळालेल्या मँटलची पांढरी राख फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपावी आणि हात धुवावेत.

प्रश्न : एका जुन्या ट्रंकेत आम्हाला काडतुसांचा पट्टा आणि सांबराची शिंगे सापडली. बारा बोअरची बंदूकही घरात आहे; परवाना वारलेल्या काकांच्या नावावर होता. आठवण म्हणून ती भिंतीवर लावता येईल का? (एक वाचक, धरमपेठ)

येथे हौस बाजूला ठेवावी लागेल. परवानाधारक वारल्यानंतर बंदूक आणि जिवंत काडतुसे घरात राहू देणे शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे गुन्हा ठरू शकते, मग ती कितीही गंजलेली असो. विलंब न करता ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी. आपल्या नावावर परवाना हवा असल्यास शहरात अर्ज पोलीस आयुक्तांकडे करावा लागतो. शिंगांनाही वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू आहे. काकांनी केलेल्या नोंदीचा कागद किंवा मालकीचे प्रमाणपत्र ट्रंकेत आहे का ते पाहावे आणि तो कागद असो वा नसो, वनविभागाला विचारल्याशिवाय शिंगे कोणाला देऊ अथवा विकू नयेत. रिकामा चामडी पट्टा मात्र खुशाल वापरा. मी तशाच एका पट्ट्याच्या घरांत पेन्सिली आणि बॅटरीचे सेल ठेवतो.

प्रश्न : रामटेकजवळ खिंडसीच्या बाजूला मित्रांसह मुक्कामाला जातो. जुना कॅन्व्हासचा तंबू घ्यावा की नायलॉनचा? (एक वाचक, मानेवाडा)

गाडी तंबूपर्यंत जात असेल तर कॅन्व्हासचा, पाठीवर न्यायचा असेल तर नायलॉनचा; यात भावनेला जागा नाही. माझा कॅन्व्हासचा तंबू दोघांनी उचलावा लागतो आणि मेळघाटातल्या चढणीवर तो नेण्याचा हट्ट मी एकदाच केला. परंतु सपाटीवरच्या हिवाळी मुक्कामात त्याची सर दुसऱ्याला नाही. सुती कापड श्वास घेते, त्यामुळे पहाटे आतून थेंब टपकत नाहीत, आणि फाटले तर सुई-दोऱ्याने ठिगळ लागते.

त्याच्या दोन खोडी सांभाळाव्यात. पावसात आतून कापडाला बोट लावू नये, लावले तेथून पाणी झिरपू लागते. सुती किंवा तागाचे दोर भिजले की आखडतात. संध्याकाळी कडक ताणलेला तंबू रात्री दवाने किंवा पावसाने खुंट्या उपटतो, म्हणून झोपण्यापूर्वी दोर किंचित सैल करावेत. परत आल्यावर तंबू दमट असताना घडी घातली, तर आठवड्यात बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. मी स्वतः एका परिचिताला तंबू उसना दिला होता. तो ओलाच गुंडाळून परत आला, आणि त्याच्या एका बाजूवर अजूनही तो नकाशा आहे.

शेकोटीबद्दलही आपण विचारले आहे. राखीव वनात ती पेटवता येत नाही आणि वणव्याच्या हंगामात, म्हणजे १५ फेब्रुवारी ते १५ जून या काळात, जंगलाच्या कडेलाही पेटवू नये. इतर ठिकाणी जमीनमालकाची परवानगी घेऊन, आजूबाजूचा पाचोळा झाडून, पाण्याची बादली शेजारी ठेवून पेटवावी.

प्रश्न : आजोबांच्या पोलादी सुरीने संत्रे कापल्यावर पाते निळसर-काळे पडले. सँडपेपर मारू का? (एक वाचक, काटोल)

मारू नये. साध्या पोलादाला संत्र्याचा किंवा कांद्याचा रस लागला की असा थर येतो आणि तोच थर लाल गंजाला काहीसा अडवतो. काळेपणा बोटाला लागत नसेल तर तो राहू द्यावा. लालसर पूड लागत असेल तर तेवढीच जागा तेल आणि बारीक राखेने चोळावी. वापरून झाल्यावर सुरी धुऊन लगेच पुसावी व तेलाचे बोट फिरवावे. सुरी चामड्याच्या म्यानात मात्र वर्षभर ठेवू नये, कारण चामडे ओलावा धरून ठेवते आणि पाते आतल्या आत खाल्ले जाते. मलमलीच्या फडक्यात गुंडाळून म्यानाशेजारी ठेवावी.