उल्का, अशनी आणि कोयनेच्या पात्रातला काळा दगड

प्रश्न : कऱ्हाडजवळ कोयनेच्या पात्रात मुठीएवढा काळा, जड, छिद्रांचा दगड मिळाला. लोहचुंबक त्याला चिकटतो. ही अशनी, म्हणजे अवकाशातून पडलेला दगड, असेल का?

आपल्या वर्णनावरून तो अशनी नसून बेसॉल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा खडक असावा. सातारा आणि सांगली हे जिल्हे बहुतांशी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर वसलेले आहेत. लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूंच्या बुडबुड्यांमुळे दगडात छिद्रे राहिली आणि पुढे त्यांतील कित्येक छिद्रांत झिओलाइटचे पांढरे स्फटिक वाढले. अशनीत अशी छिद्रे सहसा आढळत नाहीत. चुंबकाच्या कसोटीवर तर या भागात मुळीच विसंबू नये, कारण बेसॉल्टमध्येही मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारे लोहखनिज असते.

खरी खूण पृष्ठभागावर पाहावी. वातावरणातून येताना वितळलेल्या थराची काळी खरपुडी ताज्या अशनीवर असते आणि ती बहुधा मिलिमीटरभरही जाड नसते. कड जिथे भंगलेली असेल तिथे आतला भाग पुष्कळदा फिकट राखाडी दिसतो आणि त्यात लोह-निकेलचे बारीक कण चमकतात. आपल्या दगडाची तुटलेली कड भिंगाखाली धरून आतबाहेर एकच रंग आहे का, ते पाहावे. शंका उरलीच तर दगड न फोडता जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात दाखवावा.

प्रश्न : पडलेली अशनी हाताला चटका देते का?

सहसा नाही. तापतो तो बाहेरचा पातळ थर आणि तोही काही सेकंदच. आतला दगड अवकाशातल्यासारखाच थंड राहतो. शिवाय वेग मंदावल्यावर शेवटचे काही किलोमीटर ती न पेटताच खाली येते. गवताच्या गंजीला अशनीने आग लावल्याच्या बातम्या त्यामुळेच जपून वाचाव्यात.

प्रश्न : २०२२च्या गुढीपाडव्याच्या संध्याकाळी विदर्भातल्या नातेवाइकांनी आकाशात जळत्या तुकड्यांची रांग पाहिली. तो उल्कावर्षाव होता का?

नव्हता. २ एप्रिल २०२२ रोजी दिसलेला तो प्रकार चीनच्या चांग झेंग ३-बी अग्निबाणाच्या टप्प्याचे अवशेष असल्याचा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात धातूचे मोठे कडेही सापडले. उल्का वातावरणात सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने शिरते आणि बहुधा क्षणार्धात विझते. कक्षेतून ढळलेला भंगाराचा तुकडा मात्र सेकंदाला सुमारे साडेसात ते आठ किलोमीटर वेगाने, अगदी तिरका येतो. म्हणून तो आकाशात बराच वेळ सरकत राहतो, फुटतो आणि त्याचे तुकडे एकामागोमाग एकाच दिशेने जातात. नुसत्या डोळ्यांनी फरक ओळखायचा तर दृश्य किती वेळ टिकले, हे आधी विचारावे.

प्रश्न : साताऱ्याहून उल्कावर्षाव पाहायला कासला जावे का, आणि केव्हा?

ययाती (पर्सिअस) तारकासमूहातून येताना दिसणारा वर्षाव ऐन ऑगस्टच्या मध्यास येतो आणि तेव्हा कासच्या पठारावर धुके आणि पाऊस एवढेच पाहायला मिळण्याची शक्यता जास्त. त्यापेक्षा १३-१४ डिसेंबरच्या रात्रीचा मिथुन वर्षाव गाठावा. तो ३२०० फेथॉन या खडकाळ लघुग्रहाने मागे सोडलेल्या धुळीतून होतो, तर बहुतेक वर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे असतात. मिथुन रास रात्री आठच्या सुमारास पूर्वेला वर येऊ लागते आणि दोनच्या आसपास माथ्याजवळ पोहोचते. म्हणून मध्यरात्रीनंतरचे तास उत्तम. चंद्र मोठा असेल तर बारीक उल्का दिसत नाहीत, तेव्हा पंचांग आधी पाहून ठेवावे. कासवर वनखात्याचे निर्बंध लक्षात घेऊनच बेत आखावा. जत तालुक्यातले कोरडे, कमी दिव्यांचे माळरान मला त्याहून सोयीचे वाटते. तिथे पोहोचल्यावर डोळे अंधाराला सरावावेत म्हणून वीस मिनिटे मोबाइल खिशातच असू द्यावा, आणि दुर्बीण नेण्याची तर मुळीच गरज नाही.