टीचर, यहूदा दोनदा मेला का?

‘मी संडे स्कूलमध्ये शिकवते. दहा वर्षांच्या एका मुलाने विचारलं, येशूला धरून देणारा यहूदा दोनदा मेला का? वर्ग हसला. मग शौल राजाच्या गोष्टीतली तान्ही बाळं का मारली, असं त्याने विचारलं. “देवाला असे प्रश्न विचारू नयेत” म्हणून मी त्याला खाली बसवलं. सासरे म्हणतात, बरोबर केलंस. मला मात्र त्याचा चेहरा आठवत राहतो. माझी श्रद्धा कमी पडतेय का?’

ताई, पोरगा नीट वाचतो, याचं आधी कौतुक करा. मत्तयाच्या शुभवर्तमानात, अध्याय २७ मध्ये यहूदा गळफास घेतो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १ मध्ये तो पालथा पडतो आणि त्याचं पोट फुटतं. फास तुटला आणि मग तो पडला, अशी जोडणी पुष्कळ जण करतात. हवी तर सांगा, पण ती दोन्हीकडे लिहिलेली नाही हेही सांगा. इ.स. १७० च्या सुमारास तातियान नावाच्या ख्रिस्ती लेखकाने येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांचं मिळून एकच सलग पुस्तक केलं होतं. तरी ख्रिस्ती मंडळीने शेवटी चार वेगळीच ठेवली. फरक त्यांनाही दिसत होतेच की! नीतिसूत्रांच्या २६ व्या अध्यायात तर मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको असं चौथं वचन सांगतं, आणि दे असं पाचवं. लिहिणाऱ्याला मध्येच डुलकी लागली असेल, असं मला वाटत नाही.

बाळांचं मात्र असं हसण्यावारी नेता येत नाही. १ शमुवेल १५ मध्ये अमालेकी लोकांची पुरुष, स्त्रिया, तान्ही मुलं, सगळी मारायची आज्ञा आहे, आणि शौलाने ती पाळली असं तिथेच म्हटलंय. अमालेक्यांचा राजा आणि चांगली गुरं तेवढी राखली. पण ३० व्या अध्यायात तेच अमालेकी दाविदाचं गाव सिकलाग जाळतात, आणि दाविदाच्या हातून ४०० तरुण उंटांवर बसून निसटतात. म्हणजे ‘सगळे मारले’ ही युद्धकथेतली अतिशयोक्ती असावी, असं काही अभ्यासक मानतात. मला ते पटतं. तरी आज्ञा पानावर उरतेच, आणि तिचं समर्थन मला जमत नाही. नवसापायी पोटच्या मुलीचा बळी देणाऱ्या इफ्ताहची गोष्ट आली की मी अजूनही पुस्तक मिटून ठेवते.

पण शास्त्र स्वतःशीही भांडतं. बापाच्या पापाचं फळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत, असं निर्गम २० म्हणतं. मुलगा बापाचा दोष वाहणार नाही, असं यहेज्केल १८. सदोम शहर वाचावं म्हणून अब्राहाम पन्नास नीतिमान माणसांवरून दहांपर्यंत देवाशी घासाघीस करतो, आणि देव त्याला गप्प बसवत नाही. तुम्ही त्या मुलाला बसवलंत, एवढीच तुमची चूक. श्रद्धेचा यात प्रश्न नाही.

येत्या रविवारी वर्गासमोरच त्याला सांगा, ‘तुझा प्रश्न बरोबर होता, मलाही हे जड जातं.’ सासऱ्यांशी वाद नको. त्यांच्यासोबत ईयोबाचा शेवटचा अध्याय काढा आणि सातवं वचन त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा. तिथे देव रागावतो, पण प्रश्न विचारणाऱ्या ईयोबावर नाही.